सूचनाफलक

आमच्या धर्मग्रामात माझ्याविषयी एक तक्रार आहे आणि ती रास्त आहे. रविवारच्या मिस्सेत माझ्या सूचना माझ्या प्रवचनापेक्षा लांबतात. नोव्हेना कधी सुरू होणार, महिला मंडळाची सभा कुठे, शिष्यवृत्तीचे अर्ज कोणाकडे मिळतील, शेवटची तारीख कोणती, हे सारे मी दोनदा वाचतो. दुसऱ्यांदा सावकाश वाचतो. तोवर मागच्या बाकांवरची तरुण मंडळी पायऱ्या उतरू लागलेली असते. पॅरिश कौन्सिलच्या एका बैठकीत एका भगिनीने हसत हसत सुचवलेही, "फादर, सूचना छापूनच वाटा ना!" छापून वाटतोच; तरीही वाचतो. असे का, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. ज्याने परवानगी द्यायची त्याने ती दिली आहे, म्हणून आता लिहितो. त्याचे नाव मात्र लिहीत नाही. तो हे त्रैमासिक वाचतो.

१९८७ च्या जून महिन्यात मी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्रथम वर्ष कला शाखेत दाखल झालो. वसईच्या वाडीतला मुलगा, बारावीपर्यंतचे आयुष्य घर, चर्च, शाळा आणि बावखल यांच्या परिघात गेलेले. वसई रोडहून पहाटेची गाडी पकडायची, चर्चगेटला उतरायचे, क्रॉस मैदानाच्या कडेने मेट्रो सिनेमापर्यंत चालत जायचे आणि आझाद मैदानासमोरच्या त्या दगडी इमारतीच्या कमानीखाली शिरायचे. पहिल्या दिवशी मी कमानीपाशीच थबकलो. आमच्या गावचे चर्च काही लहान नव्हे. परंतु चर्चमध्ये शिरताना आपण कोणाच्या घरी चाललो आहोत हे ठाऊक असते. इथे ते ठाऊक नव्हते.

आत शिरल्यावर दर्शनी दालनात भिंतीवर सूचनाफलक होते. पहिले काही महिने हे फलकच माझे खरे शिक्षक झाले. वर्गात इंग्रजी इतक्या वेगाने वाहत असे की मला त्यात पाय रोवता येत नसे. फलकावरचे इंग्रजी मात्र थांबून राहायचे. एक वाक्य चार वेळा वाचले तरी ते रागावत नसे. मी खिशातल्या लहानशा वहीत शब्द उतरवून घेई आणि परतीच्या गाडीत जागा मिळालीच तर त्यांचे अर्थ शोधी. अमुक वर्ग होणार नाही, तमुक ग्रंथालयीन दंड भरावा, हरवलेली छत्री कार्यालयातून घेऊन जावी, 'ओ' गटाचे रक्त तातडीने हवे आहे. एका फलकापुढे उभा राहून मी एक अख्खे गाव वाचत होतो.

आणि काय काय होते त्या गावात! जुलै उजाडला की 'मल्हार'ची धांदल सुरू होई. ऑगस्टमध्ये होणारा हा आंतरमहाविद्यालयीन महोत्सव १९७९ साली सुरू झालेला. नाव पावसाच्या रागाचे, कारभार बहुतांशी इंग्रजीत. मला त्याची थोडी गंमत वाटे आणि थोडी भीती. हिवाळा आला की 'इंडियन म्युझिक ग्रुप'चे कागद झळकत. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाकडे शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह होता. जानेवारीतील त्यांच्या मैफली महाविद्यालयाच्या चौकात उघड्या आभाळाखाली होत आणि रात्र सरेपर्यंत चालत. ख्रिस्ती भक्तिगीते आणि बँडचा वाद्यमेळ एवढेच संगीत ज्याच्या कानी पडले होते, त्या मुलाने पहिल्यांदा तानपुरा तिथे ऐकला. शाल आईची होती. पहाटे चर्चगेटहून सुटणारी गाडी रिकामी असते, हा शोधही त्याच रात्रीचा. ध्वनिप्रदूषणासंबंधीचे नियम २००० साली आल्यानंतर खुल्या जागेतील अशा रात्रभराच्या मैफली शहरातून हद्दपार झाल्या. नियम योग्यच आहेत, बाजूला रुग्णालये आहेत. पण जे ऐकले ते ऐकले.

हेरास संस्थेच्या व्याख्यानांचा कागद साधा, टंकलिखित असे. फादर हेन्री हेरास हे स्पेनमधून १९२२ साली मुंबईत आलेले येशूसंघीय. त्यांना भारताचा इतिहास शिकवायला सांगितले गेले तेव्हा त्यांना तो काहीच ठाऊक नव्हता. "तर मग मी तो शिकेन," असे ते म्हणाले अशी आख्यायिका आहे. शिकले मात्र असे की १९२६ मध्ये त्यांनी भारतीय इतिहासाची संशोधन संस्थाच उभी केली, सिंधू संस्कृतीच्या मुद्रांत आयुष्य बुडवले आणि १९५५ मध्ये इथेच देह ठेवला. १९८१ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. न येणारा विषय शिकवायला घेतलेल्या माणसाची ही गोष्ट मला तेव्हा फार धीर देऊन गेली. तसेच वनस्पतिशास्त्राचे. स्विस येशूसंघीय फादर ब्लॅटर यांच्या नावाचे वनस्पतिसंग्रहालय तिथे आहे. त्यात वाळवून चिकटवलेल्या रोपट्यांचे हजारो नमुने आहेत. 'पश्चिम घाटात वनस्पतिसंकलन सहल' अशी सूचना लागली की मला नवल वाटे. झाडे पाहायला सहल कशाला काढायची? आमच्या घरी खिडकी उघडली की पुरे.

परंतु माझे खरे ठिकाण फलकाच्या एका कोपऱ्यात होते. तिथे मराठी वाङ्मय मंडळाचा कागद असे. देवनागरी अक्षरे, बहुधा कुणा विद्यार्थिनीच्या वळणदार हस्ताक्षरातली. त्या कागदापाशी आलो की छातीतला ताण सैल होई. परगावी अचानक आपल्या बोलीतला शब्द कानी पडावा तसे.

मी एकटा नव्हतो. माझ्याच पाखाडीतला एक मित्र माझ्याबरोबर दाखल झाला होता. आम्ही एकाच वर्षी पहिले ख्रिस्तप्रसाद ग्रहण घेतलेले, एकाच बावखलात पोहायला शिकलेले. त्याच्या घरी केळीची वाडी आणि फुलझाडे. त्याची आई पहाटेच्या गाडीने मालडब्यातून फुलांच्या टोपल्या घेऊन दादरला जाई. अनेकदा आम्ही दोघे त्याच गाडीत पुढच्या डब्यात असू आणि दादरला फलाटावर ती डोक्यावर टोपली घेऊन उतरताना दिसे. तो खिडकीतून हाक मारी. मी, खरे सांगतो, अशा वेळी पुस्तकात डोके घाली. गाडीत महाविद्यालयातली एखादी ओळखीची मुलगी असेल तर?

त्याला असला संकोच नव्हता. तो वर्गात मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारी आणि स्वतःच्या चुकीवर सर्वांच्या आधी हसे. मी फलक वाचत उभा राही; तो फलकाकडे फिरकतसुद्धा नसे. "तू वाचतोस ना, मग मला सांग," हा त्याचा शिरस्ता. मलाही ते आवडे. दोघांत मी वाचणारा आणि तो ऐकणारा, ही वाटणी मला मोठेपण देणारी होती.

१९८८ च्या पावसाळ्यात, आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना, मराठी वाङ्मय मंडळाची वक्तृत्व स्पर्धा झाली. दोघांनीही भाग घेतला. मी महिनाभर भाषण लिहिले, खोडले, पाठ केले. तो आदल्या रात्री गाडीत बोलायचे काय ते ठरवत होता. विषय होता गाव आणि शहर यांच्यासंबंधी. त्याने उभे राहून आईची टोपली सांगितली: पहाटे तीनला कळ्या खुडताना कंदील कुठे टांगायचा, पावसात सोनचाफा कसा झाकायचा, दादरच्या पुलाखाली भाव कसा पडतो. सभागृह गप्प झाले. मी त्यानंतर बोललो. माझे भाषण निर्दोष होते.

त्यानंतर आठवड्याच्या आतच त्याचे बाबा नारळाच्या झाडावरून पडले. पाय मोडला. श्रावण होता, फुलांना मागणी होती, शेतात आवण लावायचे राहिले होते. तो घरी राहिला. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तेव्हा तो चिखलाने माखलेला होता आणि त्याही स्थितीत म्हणाला, "बोर्ड बघत जा रे. काही असलं तर सांग."

स्पर्धेचा निकाल लागला. तोच कोपरा, तेच वळणदार अक्षर. पहिल्या क्रमांकावर त्याचे नाव होते. माझे नाव उत्तेजनार्थमध्ये, सर्वांत खाली. मी तिथे किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. त्या कागदाच्या शेजारी, हातभर अंतरावर, कार्यालयाची सूचना होती. आर्थिकदृष्ट्या मागासवर्गीयांना सरकारकडून मिळणाऱ्या शुल्कसवलतीची, आपण सारे ज्याला ई. बी. सी. म्हणत असू तिची. अर्ज तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यासह अमुक तारखेच्या आत भरावेत. त्यानंतर आलेले अर्ज स्वीकारले जाणार नाहीत. मी तारीख वहीत लिहून घेतली.

माझा अर्ज मी भरला. बाबांनी तहसील कचेरीत दोन खेपा घालून दाखला आणला. त्या दिवसांत मी मित्राच्या घरी दोनदा गेलो. पहिल्या वेळी त्याच्या बाबांना ताप होता, बोलणे झाले नाही. दुसऱ्या वेळी बोलणे झाले. वर्गात काय झाले, कोण काय म्हणाले, सारे सांगितले. निकालाचे सांगितले नाही. निकालाचे सांगितले नाही म्हणून त्याच्या शेजारच्या कागदाचेही सांगता आले नाही. निदान मी मनाला तसे समजावले. उद्या सांगू. उद्याही गेला, परवाही गेला. अमुक तारीख उलटून गेली तेव्हा मी 'विसरलो' हा शब्द जवळ केला आणि तो पुढे फार उपयोगी पडला.

वाचकहो, यात माझा काही लाभ नव्हता. ती सवलत स्पर्धेतली नव्हती. त्याला मिळाली असती म्हणून माझी कमी झाली नसती. पोटासाठी केलेली चोरी समजू शकते. ही कशासाठी होती? नीतिशास्त्राच्या तासाला सेमिनरीत आम्हांला कृतीचे पाप आणि अकृतीचे पाप असा भेद शिकवला, तेव्हा मी वहीच्या समासात काही न लिहिता नुसती एक तारीख लिहिली होती.

तीन आठवड्यांनी तो परतला. निकाल त्याला दुसऱ्याच कोणीतरी फाटकापाशी सांगितला. तो धावत माझ्याकडे आला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "अरे, तुझंपण नाव आहे की!" ई. बी. सी.ची तारीख गेल्याचे त्याला कार्यालयाच्या खिडकीशी कळले. त्याने खांदे उडवले. त्या वर्षीची फी त्याने भरली. कशी भरली हे मी विचारले नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीस त्याने महाविद्यालय सोडले. बाबांचा पाय धड झाला नव्हता आणि वाडी मजुरांवर सोडण्याइतकी मोठी नव्हती. केवळ एका कागदापायी त्याचे शिक्षण सुटले असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे हाही एक प्रकारचा अहंकार होईल. पण त्या घराच्या खांद्यावर जे ओझे होते त्यात एक वीट माझी होती.

१९९० मध्ये पदवी घेऊन मी सेमिनरीत गेलो. प्रवेशानंतरच्या पहिल्याच मौनसाधनेत मी हे पापनिवेदनात सांगितले. (पापनिवेदनाचे गुपित धर्मगुरूला बांधून ठेवते, निवेदन करणाऱ्याला नाही, म्हणून हे लिहू शकतो.) वृद्ध धर्मगुरूंनी शांतपणे ऐकले, पापक्षमा दिली आणि एवढेच विचारले, "त्याला सांगितलेस का?" मी म्हणालो, सांगेन. त्यांनी ते प्रायश्चित्त म्हणून लादले नाही. लादले असते तर बरे झाले असते, असे मला पुढे अनेकदा वाटले.

माझ्या गुरुदीक्षेच्या वेळी मांडव त्याने घातला. केळीचे खांब त्याच्या वाडीतले होते. त्याचे लग्न मी लावले. २०११ साली त्याच्या आईच्या अंत्यविधीची मिस्सा मी केली. शवपेटीपाशी पवित्र पाणी शिंपडताना मला तिचे हात दिसले. एका हातात सोन्याची बांगडी होती, दुसरा मोकळा होता. कितीतरी वर्षे चर्चमध्ये ख्रिस्तप्रसादासाठी पुढे झालेला तो हात मी पाहत आलो होतो आणि एकच बांगडी ही तिची सवय असेल असे धरून चाललो होतो.

२०२४ च्या जूनमध्ये त्याच्या धाकट्या मुलीला झेवियर्समध्ये प्रवेश मिळाला. पेढे घेऊन ती दोघे माझ्याकडे आली. मुलीला कोण आनंद! तिच्या मोबाइलवर महाविद्यालयाच्या साऱ्या सूचना येतात, ती मला एकेक दाखवू लागली. २०१० पासून महाविद्यालय स्वायत्त आहे, त्यामुळे परीक्षांचे वेळापत्रक वेगळे, श्रेयांकांचा हिशेब वेगळा. समाजात जाऊन प्रत्यक्ष काम करण्याचा उपक्रमही आहे. 'मल्हार' अजून आहे, 'इंडियन म्युझिक ग्रुप' आहे. "आणि फादर, मराठी वाङ्मय मंडळपण आहे," ती म्हणाली. तिचा बाप पेढ्याचा डबा बंद करीत होता. तो म्हणाला, "आमच्या वेळी फादर सगळा बोर्ड वाचायचे आणि मला सांगायचे. मी तर कधी बघितलाच नाही." चारचौघांत तो मला 'फादर' आणि 'तुम्ही' म्हणतो, आम्ही दोघेच असलो की 'तू'. त्या दिवशीचे 'तुम्ही' मला फार लागले.

पुढच्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, पालकांच्या एका सभेसाठी त्याच्या पत्नीला जाता येईना, तेव्हा तो म्हणाला, "तू चल माझ्याबरोबर. मला त्या इंग्रजी सभेत एकट्याला बसवू नको." आम्ही गेलो. चर्चगेटहून तोच रस्ता. फॅशन स्ट्रीटचे दुकानदार प्लास्टिक झटकून पाणी सांडत होते. महाविद्यालयाच्या बाजूच्या रंगभवनच्या गल्लीपाशी तो थांबला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर या अधिकाऱ्यांना तिथे मरण आले. त्याने कपाळावर क्रूसाची खूण केली आणि आम्ही पुढे झालो.

सभेला अर्धा तास होता. दर्शनी दालनात मुलांची ये-जा चालली होती. कोणाच्या हातात पुठ्ठे, कोणाच्या बोटांना रंग. 'मल्हार' जवळ आला होता. फलक आजही आहेत. मोबाइलच्या दिवसांत त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, पण कागद लागतात. माझा मित्र सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा. खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला होता.

"वाच," तो म्हणाला.

मी वाचू लागलो. मराठीत अर्थ सांगत, एकेक कागद. महोत्सवासाठी स्वयंसेवकांची सभा, वेळ आणि खोली. ग्रंथालयाच्या वेळांत बदल. रक्तदान शिबिर. राष्ट्रीय सेवा योजनेची नावनोंदणी. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये सुरू झाली, हे मी पदरचे घातले. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वाचक आणि लेखनिक हवेत, अशी एक सूचना होती. त्या मुलांसाठी २००३ पासून तिथे एक साधनकेंद्र चालते. आमच्या वेळी ते नव्हते. "म्हणजे कोणीतरी वाचून दाखवायचं?" त्याने विचारले. मी हो म्हटले. "चांगलं आहे." मग त्याच्या बोटापाशी एक कागद होता. आर्थिक साहाय्यासाठी अर्ज, सोबत उत्पन्नाचा दाखला, शेवटची तारीख.

मी तो वाचला. तारीख दोनदा वाचली. आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्या मुलांच्या गर्दीत, १९८८ ची तारीख त्याला सांगितली.

त्याला आधी समजलेच नाही. "कुठला फॉर्म?" तो म्हणाला. मी पुन्हा सांगितले, निकालाच्या कागदासकट. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग सभेची घंटा झाली की काय झाले, मुलगी आम्हांला शोधत आली आणि आम्ही आत जाऊन बसलो. सभेत काय सांगितले गेले ते दोघांपैकी एकालाही आठवत नाही. मुलीने नंतर विचारले तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. बोरिवली गेली, मीरा रोड गेले. तो खिडकीबाहेर पाहत होता. मी मनातल्या मनात रोझरी सुरू केली होती आणि तिसऱ्या रहस्यापुढे ती सरकत नव्हती. भाईंदर सोडून गाडी खाडीच्या पुलावर चढली, खाली भरतीचे पाणी होते. तेव्हा तो बोलला.

"आईने त्या वर्षी एक बांगडी मोडली."

एवढेच. नायगाव आले, वसई रोड आले. स्टेशनाबाहेर तो आपल्या रिक्षेकडे वळला, मी माझ्या.

इतक्या वर्षांत मी स्वतःला समजावत आलो होतो की सांगितल्याने मन मोकळे होते. माझे झाले. त्याचे काय झाले? तोवर त्याच्या लेखी ती तारीख नुसती हुकली होती, जशा गरिबाच्या कितीतरी तारखा हुकतात. ती कोणी हुकवली हे आता त्याला ठाऊक झाले. त्या वृद्ध धर्मगुरूंनी मला ते प्रायश्चित्त का दिले नसावे, याचा थोडासा उलगडा मला त्या रात्री झाला. तरीही सांगायला नको होते असे म्हणवत नाही. मी त्या घरी जेवलो आहे, मेलेल्या माऊलीच्या हातावर पाणी शिंपडले आहे.

पाच रविवार तो मिस्सेला आला नाही. म्हणजे माझ्या मिस्सेला आला नाही. तो माझ्या सेवेच्या चर्चमध्ये नेमाने येत असे, वाडीपासून ते तसे लांबच आहे. सहाव्या रविवारी सूचना वाचताना तो मागच्या खांबाशी उभा दिसला. मी त्या दिवशी अडखळलो. पंधरा तारीख सोळा वाचली, मग सुधारली. मिस्सा संपल्यावर तो सॅक्रिस्टीच्या दाराशी आला. हातात केळीचा लहानसा फणा होता.

"किती लांबवतोस रे," तो म्हणाला. "लोकांचा भात करपतो."

मी वेदीवरची वस्त्रे काढून घडी करीत होतो. हात चालेना. त्याने वस्त्राचे दुसरे टोक धरले, लहानपणी आम्ही वेदीसेवक असताना धरत असू तसे. घडी झाली. मग मी त्याला विचारले, हे कधी लिहू का? तो थोडा वेळ बोलला नाही.

"लिही," तो म्हणाला. "पण आईचं लिही. मी पहिला आलो होतो ते पण लिही. तू नुसतं तुझंच पाप लिहीत बसशील."

ते लिहिले. आणखी एक गोष्ट त्याने मागितली नाही, पण सुरू केली. मुलगी महाविद्यालयातील ज्या ज्या सूचना त्याला पाठवते त्या तो मला पाठवतो. व्याख्यान, सहल, रक्तदान, परीक्षा, हरवलेले ओळखपत्र. खाली एक शब्द असतो, 'वाच'. मी त्या वाचतो, इंग्रजीतल्या असल्या तर मराठीत सांगतो, तारखा दोनदा सांगतो. गेल्या आठवड्यात मराठी वाङ्मय मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेची सूचना आली. मुलीने नाव दिले आहे. विषय तिने अजून ठरवलेला नाही. आदल्या रात्री गाडीत ठरवीन म्हणते.